सालीखालची वाट

आमची बाग पुरंदर तालुक्यात आहे. सह्याद्री ओलांडून येणारा ढग इथे पोचेपर्यंत बराचसा रिकामा झालेला असतो, म्हणून हा अंजीर-सीताफळाचा मुलूख. आमच्याकडे अंजिराच्या जोडीला डाळिंब आणि पेरू आहेत, बांधावर कागदी लिंबं आणि थोडे आंबे. गुटी बांधायला मला सासऱ्यांनी शिकवलं. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. मोडक्या झाडांची दुरुस्ती मात्र कुणी बसवून शिकवली नाही. ती साळिंदरांनी, गारांनी आणि आमच्याच गवत कापायच्या यंत्राने शिकवली. गुटीत धडधाकट फांदीला मुळं फुटावीत म्हणून मुद्दाम जखम करायची आणि दुरुस्तीत झालेली जखम भरून काढायची, अशी ही कामं उलटसुलट दिसतात. पण दोन्हीकडे समजून घ्यायची गोष्ट एकच आहे, म्हणून एकत्र लिहिते.

१. आधी सालीचं काम आणि लाकडाचं काम वेगळं ओळखावं.

मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातून वर चढतं. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या अंगाने खाली उतरतं. या दोहोंच्या मध्ये एक ओला, बुळबुळीत, अतिशय पातळ थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तोच घडवतो. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने सतराव्या शतकातच फांदीची साल कड्यासारखी काढून पाहिली होती. कड्याच्या वरचा भाग सुजला, खालचा तसाच राहिला. वरून येणारं काहीतरी अडलं, हे त्यातून स्पष्ट झालं.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार हेच कडं दरसाल काढतात. मणी लहान असताना वेलीची दोन-चार मिलिमीटर साल गोल काढली की पानातलं अन्न मुळांकडे न जाता घडाकडेच राहतं आणि मणी फुगतो. ते त्याला गर्डलिंग म्हणतात. कडं अरुंद असल्यामुळे थोड्या आठवड्यांत भरून येतं आणि वेल पुन्हा आपल्या चालीवर येते. तेच कडं इंचभर रुंद केलं आणि त्याला ओला मॉस बांधला की झाली गुटी. आणि तेच कडं उंदराने खोडाच्या बुडाशी कुरतडून केलं तर झाड गेलं. काप एकच, रुंदी, जागा आणि ओलावा बदलला की त्याचा निकाल बदलतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

२. कडं अर्धवट काढलेलं चालत नाही.

फांदी वर्षाची, पेन्सिलीएवढी जाड, उन्हात वाढलेली घ्यावी. झाडाच्या पोटात सावलीत लांबलेली पांढुरकी फांदी दिसायला सरळ असते, पण तिच्यात साठा नसतो. टोकापासून दीड-दोन फूट मागे, एका डोळ्याच्या लगेच खाली चाकू गोल फिरवायचा. तिथून दोन ते अडीच सेंटिमीटर खाली दुसरा गोल काप, मग दोन्हींना जोडणारा उभा काप. नखाने साल उचलली की ती सबंध निघून येते.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि तिथेच घोटाळा होतो. साल निघाली तरी तो बुळबुळीत थर लाकडावर शिल्लक राहतो. तो ठेवला तर दीड-दोन महिन्यांनी पिशवी सोडल्यावर मुळं दिसत नाहीत, साल मात्र छान जुळून आलेली दिसते. म्हणून चाकूच्या पाठीने लाकूड हलकं खरवडायचं आणि कोरड्या फडक्याने घट्ट पुसायचं, हाताला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत. धार मात्र लाकडात उतरता कामा नये. नाहीतर पहिल्या जोराच्या वाऱ्याला फांदी तिथेच मोडते.

मुळं फुटायचं औषध, म्हणजे आयबीए, पावडरीत किंवा मलमात मिळतं. डाळिंबाला आणि पेरूला ते लावलेलं बरं. अंजिराला त्याची गरज नाही. अंजिराची नुसती काडी खोचली तरी फुटते. आम्ही अंजिराची गुटी बांधतो ती फक्त बागेतल्या नांग्या भरायला जरा मोठं रोप हवं असतं तेव्हा, आणि तेव्हा कापातून येणारा चीक आधी पुसून घ्यावा लागतो. औषध लावायची जागा वरच्या कापाची कड. मी पहिल्या वर्षी सगळ्या उघड्या लाकडाला चोपडत होते तेव्हा आबा म्हणाले, “मुळ्या वरच्या ओठाला फुटत्यात, सूनबाई. खालच्याला कशाला चोपडतीस?” अन्न वरून येऊन त्या कडेशीच अडतं, त्यामुळे मुळंही तिथूनच निघतात.

३. पंचांग बघावं, पण साल काय म्हणते ते आधी बघावं.

मृग ७-८ जूनला लागतो आणि सगळ्यांचे हात गुटीसाठी शिवशिवायला लागतात. आमच्याकडचा मृग बेभरवशाचा. जमिनीत ओल नसेल तर साल लाकडाला घट्ट चिकटून असते आणि सोलताना चिंध्या होतात. चाचणी सोपी आहे: एखादी नको असलेली फांदी कापून साल सोलून बघायची. सहज सुटली आणि खालचं लाकूड ओलं चकचकीत दिसलं की कामाला लागायचं. पुरंदरात हे बहुधा आर्द्रा-पुनर्वसूत जमून येतं, म्हणजे जूनअखेर ते जुलैचा मध्य. ऑगस्टच्या मध्यानंतर बांधलेल्या गुटीला मुळं येतात, पण ती उतरवून रोप सावरायच्या आत थंडी येते.

ज्या झाडावर बहार धरला आहे त्याच्यावर गुटी बांधू नये. फळं आणि मुळं एकाच ताटातलं खातात, आणि त्यात फळं जिंकतात.

४. मॉस भिजवण्यापेक्षा पिळण्याला जास्त महत्त्व आहे.

रात्रभर भिजवलेला मॉस मुठीत घेऊन थेंब गळायचा थांबेपर्यंत पिळावा. फार ओला राहिला तर आतली कड कुजते आणि पिशवीला वास येतो. वर पारदर्शक पॉलिथिन गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळी. वरची गाठ जास्त घट्ट, कारण फांदीवरून ओघळणारं पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. कावळे आणि खारी पिशवी फाडतात, त्यावर नक्की उपाय मला सापडलेला नाही. आठवड्यातून एकदा फेरी मारून फाटलेली पिशवी पुन्हा बांधणं एवढंच हातात आहे.

आबांच्या तरुणपणी पॉलिथिन नव्हतं. शेणखत आणि मातीचा गोळा, त्यावर गोणपाट, आणि वरच्या फांदीला टांगलेलं मडकं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकातून चिंधी गोळ्यापर्यंत सोडलेली. तिच्यावरून पाणी थेंबाथेंबाने झिरपायचं. रोज मडकी भरायची म्हणजे एका माणसाचा दिवस जायचा. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा तसं करून पाहावं.

५. मुळं दिसली म्हणजे रोप तयार झालं असं नाही.

डाळिंबाला महिना-दीड महिन्यात पिशवीतून पांढरे धागे दिसायला लागतात. त्या पांढऱ्या मुळांवर फांदी उतरवली तर ती तुटतात. ती तपकिरी होऊन त्यांना पोटमुळं फुटेपर्यंत थांबावं. मग पिशवीच्या खाली फांदीला अर्ध्यापर्यंत खाच द्यावी आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापावी. या आठ-दहा दिवसांत आईकडचं पाणी कमी कमी होत जातं आणि नवी मुळं कामाला लागतात. उतरवल्यावर निम्मी पानं काढून टाकायची. हे नव्या माणसाच्या जिवावर येतं. पण एवढ्याशा मुळांनी एवढ्या पानांना पाणी पुरवायचं कसं? पॉलिथिन सोडताना मॉस झटकू नये, तसाच गोळा पिशवीतल्या माती-शेणखतात ठेवावा आणि रोप शेडनेटखाली न्यावं. नवी पालवी येऊन ती जून झाली की मगच हळूहळू उन्हात.

गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं. ही तिची जन्माची मर्यादा आहे आणि कुठलं खत ती भरून काढत नाही. आमच्या मुरमाड, वाऱ्याच्या माळावर गुटीचा पेरू पहिली दोन-तीन वर्षं काठीच्या आधाराशिवाय ठेवणं म्हणजे तो आडवा व्हायची वाट बघणं. पाण्याची खात्री नसलेल्या रानात मी गुटीपेक्षा जागेवर वाढवलेल्या खुंटावरचं कलम पसंत करते. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांचं गणित वेगळं.

६. गुटीबरोबर झाडाचे गुणही येतात आणि रोगही.

पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमांनी निवडलेलं ‘गणेश’ डाळिंब आणि त्यांच्याच निवडीचा ‘सरदार’, म्हणजे लखनौ-४९ पेरू, महाराष्ट्रभर पसरले ते कलमांमधून. पुढे ‘भगवा’ही तसाच गावोगाव गेला. बी लावलं असतं तर दर झाड निराळं निघालं असतं. गुटीमुळे सोलापूरच्या झाडाचं फळ आणि नाशिकच्या झाडाचं फळ एका जातीचं म्हणून विकता येतं.

पण तेल्याही असाच प्रवास करतो. तो डाळिंबावरचा जिवाणूचा रोग. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट काळे डाग पडतात आणि फळ तडकतं. २००० नंतरच्या दशकात त्याने राज्यातल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या. वरून निरोगी दिसणाऱ्या फांदीतही हा जिवाणू असू शकतो. रोपासोबत येणाऱ्या मातीतून मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही येतात. एका रोपवाटिकेतून आम्ही स्वस्त म्हणून आणलेल्या रोपांच्या मुळांवर अशा गाठी होत्या. त्या पिशवी फाडल्याशिवाय दिसल्या नसत्या. तेव्हापासून रोपं घेताना एक पिशवी तिथेच विकत घेऊन तिथेच फाडून बघते. ज्या रोपवाटिकेच्या माणसाला याचा राग येतो, त्याच्याकडून रोपं घेत नाही. आणि मातृवृक्ष भर पावसाळ्यात बघावा, रोग असेल तर तेव्हा लपत नाही.

७. मोडलेल्या झाडाजवळ गेल्यावर आधी सांधा शोधावा.

हा मुद्दा सगळ्यांत उपयोगी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लहान झाड मोडलं, जनावराने खाल्लं, ट्रॅक्टरने चिरडलं, तर पहिला प्रश्न ‘किती मोडलं’ हा नाही. ‘हे झाड कसं तयार झालं होतं आणि मोड सांध्याच्या वर आहे की खाली’ हा आहे.

डाळिंबाची गुटी स्वतःच्या मुळांवर उभी असते. तिचं खोड बुडापासून गेलं तरी जमिनीतून येणारा फुटवा त्याच जातीचा असतो. भगव्याच्या बुडातून भगवाच येणार. अंजिराचंही तसंच, कारण ते काडीपासून केलेलं. असं झाड मोडलं तर मी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. जमिनीपासून चार बोटांवर धारदार करवतीने सपाट कापते, येणाऱ्या फुटव्यांतले तीन-चार जोमदार ठेवते, बाकीचे कोवळे असतानाच खुडते. खालची मुळं शाबूत असतात, त्यामुळे असं झाड नव्याने लावलेल्या रोपाला लवकरच मागे टाकतं.

आंबा आणि सीताफळ यांचं तसं नाही. ती कलमं, खुंटाच्या रोपावर हव्या जातीची काडी सांधलेली. सांध्याच्या वर मोडलं आणि वर एक-दोन डोळे जरी उरले तरी चिंता नाही, तिथूनच झाड पुन्हा उभं करता येतं. सांध्याच्या खाली मोडलं तर जे काही उगवेल ते खुंटाचं. आंब्यात ते रायवळ. शेतकरी हौसेने ते वाढवतो, पाच-सहा वर्षं पाणी घालतो आणि मग आंबट, दोऱ्याचं फळ बघून कलम देणाऱ्याला शिव्या घालतो. अशा वेळी खुंटाचा एक सरळ फुटवा राखावा आणि तो पेन्सिलीएवढा झाला की पावसाळ्यात त्यावर हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बांधावी. खुंटाची मुळं जागेवर मुरलेली असल्यामुळे हे कलम जोरात जातं.

कागदी लिंबू बहुधा बियांचं असतं, तिथे सांध्याचा प्रश्न येत नाही. पेरूचं काही सांगता येत नाही, गुटीचाही असतो आणि कलमाचाही. म्हणून लागवडीच्या वहीत ओळीपुढे ‘गुटी’ किंवा ‘कलम’ एवढं लिहून ठेवावं. खड्डे कधी खणले, कुणाला किती मजुरी दिली हे सगळे लिहितात. हे एक लिहीत नाहीत.

८. साल गेलेल्या झाडाच्या हिरव्या पानांवर विश्वास ठेवू नये.

साल गोल निघालेलं झाड लगेच वाळत नाही. लाकडातून पाणी चढतच असतं, पानं हिरवी राहतात. उपाशी पडतात ती मुळं, आणि मुळांचा साठा संपायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पानं मरगळतात तेव्हा उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

मधल्या काळात झाड एक फसवं लक्षण दाखवतं. खाली न जाऊ शकणारं अन्न वरच साचतं आणि झाड फुलांनी लगडतं. आमच्या पेरूच्या एका लहान झाडाला असा अवेळी बहार आला. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, “वहिनी, यंदा काय खत घातलं?” गवत बाजूला केलं तर बुडाशी साळिंदराने चारी बाजूंनी साल खाल्लेली. एकच झाड सोबतच्यांपेक्षा जास्त फुललं, त्याची पानं जरा पिवळट-तांबूस दिसली, की गुडघे टेकून बुंधा बघायचा.

किती साल गेली हे डोळ्यांनी ठरवू नये. काळी पडलेली साल वरून मेलेली वाटते, पण नखाने खरवडली तर कधी आतून हिरवी निघते. उलटही होतं. सगळीकडून खरवडून जिवंत कड कुठे आहे ते पक्कं करावं. घेराच्या अर्ध्याहून कमी साल गेली असेल तर लहान झाड बहुतेक वेळा आपलं आपण सावरतं. जखम स्वच्छ करून तिला उन्हापासून झाकलं की पुरे.

९. पूल बांधायचा तो बांधण्याजोग्या खोडावरच.

साल सगळीकडून गेली असेल तर जखमेच्या वरची आणि खालची साल काड्यांनी जोडता येते. हे सेतू कलम. त्याच झाडाच्या वर्षभराच्या, करंगळीहून बारीक काड्या घ्यायच्या. दोन्ही टोकं तिरपी कापून एक टोक खालच्या जिवंत सालीखाली आणि दुसरं वरच्या सालीखाली सरकवायचं. बारीक खिळ्याने पक्कं करायचं आणि सांध्यावर मेण. काडी उलटी लागता कामा नये; झाडावर तिचा जो शेंडा होता तो वरच राहिला पाहिजे. आणि ती अंतरापेक्षा थोडी लांब घेऊन कमानीसारखी बाक देऊन बसवावी. ताणून बसवली तर वाऱ्याने झाड हललं की निसटते. खोडाच्या घेरात दोन-तीन इंचांवर एक अशा काड्या लागतात. हे काम साल सुटत असतानाच जमतं. मधल्या काळात जखम ओल्या मॉसने आणि पॉलिथिनने झाकून ठेवावी. काड्यांवर फुटणारे कोंब काढत राहावे, नाहीतर त्या पूल व्हायच्या सोडून फांद्या होतात.

बांधावरच्या मनगटाहून जाड आंब्याला हे करणं परवडतं. अंगठ्याएवढ्या खोडाच्या रोपाला सेतू कलम करणं ही हौस आहे. तिथे कापून नवीन फुटवा घेणं किंवा पुन्हा कलम बांधणं कमी कष्टाचं आणि जास्त खात्रीचं. आंब्याला आणखी एक वाट आहे: खोडाशेजारी दोन-तीन कोयीची रोपं लावायची आणि ती वाढली की त्यांचे शेंडे जखमेच्या वर सालीत जुळवायचे. कोकणात भेटकलम करायचे त्याच जातीचं हे काम. झाडाला नवी मुळंच मिळतात. वेळ लागतो, पण मुळं सडलेल्या झाडालाही हे चालतं, जिथे सेतू कलमाचा काही उपयोग नाही.

१०. जखमेचीच गुटी करता येते.

साळिंदराने खोडाची साल गोल खाल्ली म्हणजे त्याने अर्धी गुटी करूनच ठेवलेली असते. वरचा भाग चांगल्या जातीचा असेल, सेतू कलम शक्य नसेल आणि झाड अंजीर, पेरू, डाळिंब यांपैकी सहज मुळं धरणारं असेल, तर मी जखमेची वरची कड धारदार चाकूने ताजी करते, तिला औषध लावते आणि भोवती भरपूर मॉस बांधते. वरची एक तृतीयांश पालवी कमी करते, फुलं-फळं सगळी काढते. मुळं आली तर आख्खं झाड उतरवून दुसऱ्या खड्ड्यात लावता येतं, आणि खालच्या बुंध्यातून फुटवा येतो तो वेगळाच.

जखम जमिनीलगत असेल तर मॉसचीही गरज नाही. वरची ताजी कड बुडेल इतकी भुसभुशीत माती-शेणखत चढवून ती ओली ठेवली की डाळिंब आणि अंजीर तिथेच मुळं सोडतात. खोड जाड असेल तर मुळांना वेळ लागतो आणि तेवढ्यात झाड दम सोडतं, म्हणून दोन इंचांच्या वर मी फारशी आशा धरत नाही. आंब्याच्या कलमाला मात्र कधी माती चढवू नये, सांधा कुजतो.

११. लेप लावल्याने जखम भरत नाही.

अमेरिकेच्या वनविभागात काम करणाऱ्या ॲलेक्स शिगो यांनी जखमी झाडं आडवी-उभी चिरून वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यांनी दाखवलं की आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमी लाकडाला आतून भिंती घालून वेगळं काढतं आणि बाहेरून नवं लाकूड-साल चढवून ते झाकून टाकतं. वरून फासलेल्या लेपाने आतली कुज थांबत नाही, असंही त्यांना दिसलं. म्हणून डांबर आणि ऑइलपेंट फासायची जी पद्धत आपल्याकडे अजून चालू आहे तिच्यात मला अर्थ दिसत नाही. फाटलेली, लोंबणारी साल जिवंत कडेपर्यंत स्वच्छ कापणं याचा उपयोग डब्यातल्या कुठल्याही पदार्थापेक्षा जास्त.

बोर्डो पेस्टची गोष्ट वेगळी. ती जखम भरत नाही, बुरशीला अडवते. लिंबाला डिंक्या होतो तेव्हा बुंध्यातून डिंक गळतो आणि साल कुजत वर जाते. तिथे कुजकी साल खरवडून पेस्ट लावणं गरजेचंच. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक त्यात बुडवून बघायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. पेस्ट त्याच दिवशी संपवावी. आणि गुटीच्या किंवा सेतू कलमाच्या कापांना ती लावू नये, जिथे नवं काही फुटायला हवं आहे तिथे मोरचुदाचं काय काम?

१२. फाटलेल्या बेचक्याला तास मोजून वेळ असतो.

वळवाच्या वाऱ्यात लहान झाडाचं बेचकं मधोमध फाटतं. दोन्ही बाजू ओल्या असताना त्याच दिवशी जुळवून बांधल्या तर सांधतात. आतला केरकचरा काढायचा, फांदी हलकी करायला तिचा शेंडा निम्मा छाटायचा, मग उचलून नेमकी बसवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी कडा सुकलेल्या असतात, तेव्हा बांधून उपयोग नाही; फांदी कापलेली बरी.

गारपिटीत याच्या उलट, घाई करू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रभर बागा झोडपल्या, तेव्हा कितीतरी लोकांनी दुसऱ्याच दिवशी कात्री चालवली. गारांचा मार फांदीच्या वरच्या अंगाला बसतो, खालची साल जिवंत असते. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी लगेच करावी, लोंबणारं तेवढं काढावं, आणि नवी पालवी कुठून निघते ते दिसेपर्यंत बाकीच्या फांद्यांना हात लावू नये.

१३. झाडांना सगळ्यांत जास्त इजा आपणच करतो.

साळिंदर वर्षातून कधीतरी येतं. गवत कापायचं यंत्र दर पंधरवड्याला फिरतं आणि त्याची नायलॉनची दोरी कोवळ्या बुंध्याची साल एका फटक्यात उडवते. मजुराला दोष देऊन उपयोग नाही, गवतात बुंधा दिसतच नाही. आम्ही प्रत्येक लहान झाडाभोवती हातभर जागा खुरप्याने मोकळी करून तिथे पाचट घालतो, पण बुंध्याला टेकू देत नाही, कारण पाचटात उंदीर घर करतात आणि तिथूनच साल कुरतडतात. बुंध्याला ठिबकच्या जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा घातला की दोरी त्याच्यावर आपटते. खोड वाढेल तसा तो सैल करावा लागतो.

कलमाची पट्टी, रोपवाटिकेचं नावाचं लेबल, काठीला बांधलेली सुतळी, ही तिन्ही काही महिन्यांनी खोडात रुततात आणि सावकाश तेच कडं करतात. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर मी सगळ्या गाठी सोडून नव्या जागी आठच्या आकड्यात बांधते. उन्हाळा लागायच्या आत नैऋत्येकडून ऊन खाणाऱ्या खोडांना चुना लावते, नाहीतर साल भाजून तडकते आणि त्या तड्यात साल पोखरणारी अळी शिरते. अळीचं जाळं आणि भुसा दिसला तर तारेने भोक साफ करून पेट्रोलचा बोळा आत घालायचा आणि वरून चिखलाने लिंपायचं.

दुरुस्त केलेल्या झाडाला त्या वर्षी फळ धरू देत नाही आणि युरियाही देत नाही. युरियाने कोवळा पाला वाढतो, मुळं वाढत नाहीत, आणि सांध्यावर नको तेवढं ओझं येतं. आबांना मात्र एखादं तरी फळ ठेवायचं असतं, जात खरी आहे का ते बघायला. त्यावरून आमचं दर वर्षी वाजतं. एक फळ ठेवतो.